लाल टोपीचा पोस्टमन

माझं काम भिंतींवर डोकं आपटण्याचं आहे. असं सांगितलं की लोक हसतात, आणि मी त्यांना हसू देते.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे, टीव्हीला जोडायचे गेमचे कन्सोल अजून पुष्कळ घरांत चालू आहेत. त्यांच्यासाठी नवे गेम तयार करणारी हौशी माणसं आहेत. कुणी बँकेत कारकून असतो, कुणी जनावरांचा डॉक्टर. नोकरी सांभाळून, वर्षानुवर्षं रोजचा तास-दोन तास घालून ही माणसं एकेक गेम उभा करतात. तो कॅसेटमध्ये भरून लोकांच्या हाती जाण्याआधी माझ्याकडे येतो. मग कुठलाही शहाणा माणूस खेळणार नाही अशा पद्धतीने मी तो खेळते. दिसेल त्या भिंतीवर तीनदा आपटते, थांबते, पुन्हा तीनदा. उडी हवेत असताना खेळ थांबवते. डावं-उजवं एकदम दाबते. जिथे खेळ फुटतो तिथली खोट वहीत लिहिते. ते झालं की घासूनपुसून काढण्याचं काम: ही उडी केसभर उशिरा लागते, हा आवाज कानाला टोचतो, इथे खेळणारा मरतो पण का मेला ते त्याला कळत नाही.

आधी अठरा वर्षं मी शर्टांच्या कारखान्यात सुटलेले धागे शोधत होते. नजर तीच आहे, फक्त कापड बदललं.

आमची जागा किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावर, दोन खोल्यांची. बाहेरच्या खोलीत वहिनी बसते. चिपांना कथलाचे डाग देणं, कॅसेटची खोकी जोडणं, लेबलं चिकटवणं तिच्याकडे. आतली खोली माझी. पूर्वेची खिडकी, फ्रीजइतका जड काचेचा जुना टीव्ही, पाठ सरळ ठेवणारी एक खुर्ची आणि दादाने केलेली नोंदपेटी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. तो जहाजावर वीजतंत्री आहे, सहा-सहा महिने बाहेर असतो. कन्सोल आणि कंट्रोलर यांच्या मध्ये ही पेटी बसते आणि सेकंदाला साठ वेळा नोंद करते की कुठलं बटण दाबलेलं आहे. शेजारच्या संगणकावर त्याचे दोन रकाने उमटतात. डावा पहिल्या कंट्रोलरचा, उजवा दुसऱ्याचा. खेळ फुटला की त्या क्षणी बोटांनी नेमकं काय केलं ते मला वाचता येतं.

सगळ्या खोटी निघाल्या की वहीच्या शेवटच्या पानावर मी एक ओळ लिहिते, ‘सोडायला हरकत नाही’, आणि खाली सही करते. लोक ती ओळ कॅसेटच्या डब्यावर छापून घेतात. आजवर दोनशे बारा गेमवर ती छापली गेली आणि त्यांतला एकही परत आला नाही. हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. का आणावा?

दोनशे तेरावा गेम कवळीच्या डबीतून आला.

आणणारे गृहस्थ साठीचे होते, दातांच्या कवळ्या तयार करायचे. नखं बारीक कापलेली, बोटं संथ. वहिनीने डबीचं झाकण उघडलं आणि कापसात ठेवलेली चिप पाहून म्हणाली, “अगंबाई! मला वाटलं, आता दात हसतात की काय माझ्याकडे बघून.”

सगळ्यांत आधी तेच हसले. त्या दिवसापासून आमच्यासाठी ते कवळीवाले झाले. मला ते ‘बाई’ म्हणत.

गेमचं नाव ‘चाळीस दारं’. दहा मजल्यांची इमारत, मजल्यावर चार दारं. निळ्या टोपीच्या पोस्टमनने प्रत्येक दाराखालून एक पत्र सरकवायचं. वाटेत गळणाऱ्या बादल्या, घरंगळत येणाऱ्या ट्रंका, मधेच मिटणारी लिफ्ट. दोघांनाही खेळता येतं. दुसरा कंट्रोलर जोडला की फाटकापाशी उभा असलेला लाल टोपीचा पोस्टमन चालू लागतो. जोडला नाही तर तो खांद्यावर पिशवी घेऊन तिथेच उभा राहतो.

“अकरा वर्षं लागली,” कवळीवाले म्हणाले. “एक आधीच सांगून ठेवतो बाई. लाल टोपीवाला नीट तपासलेला नाही. दोन हातांत दोन कंट्रोलर धरून पाहिलं, पण ते काही खरं खेळणं नव्हे. माझ्याशी खेळणार कोण? बायकोचं डोकं दुखतं. मुलगी म्हणते, बाबा, काय हे सगळं चौकोनी चौकोनी.”

“म्हणजे त्याला अजून कुणीच खेळवलेलं नाही?”

“नाही ना. अकरा वर्षं उभाच आहे बिचारा.”

चार आठवड्यांनी अशा हौशी लोकांचं प्रदर्शन होतं. तिथे एकशेवीस कॅसेट घेऊन बसायचं त्यांनी ठरवलं होतं. कवळ्यांच्या दुकानातून रजा काढलेली होती. जाताना त्यांनी रिकामी डबी खिशात घातली, आणि खिशावर हात ठेवूनच जिना उतरले.

पहिल्या आठ दिवसांत मी तीस खोटी काढल्या. काम चांगलं होतं, अगदी मन लावून केलेलं. चोराने यावं आणि घर इतकं नीटनेटकं पाहून आधी चपला काढाव्यात, असं मला ते खेळताना वाटायचं.

नवव्या दिवशी सकाळी पाचव्या मजल्याच्या जिन्यातून माझा निळा पोस्टमन आरपार खाली पडला. ही एकतिसावी खोट. असं पुन्हा घडवून आणायचं तर आधी नोंद वाचायला हवी. म्हणून मी संगणकाकडे वळले.

उजवा रकाना कोरा असायला हवा होता. त्यात ठिपके होते.

दुसरा कंट्रोलर खणात होता. सॉकेट रिकामं होतं, मी बोट लावून पाहिलं. ठिपके थोडे आणि कसेही पसरलेले, एखाद्याने अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसे.

वहिनीने पेटी खोलली, सॉकेट पुसलं, सगळे डाग नव्याने दिले. “धूळ असेल,” ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. दुपारी पुन्हा ठिपके. आम्ही कन्सोल बदलला. पुन्हा ठिपके. दोघांनी खेळायचे दुसरे पाच गेम लावून पाहिले. उजवा रकाना स्वच्छ. ‘चाळीस दारं’ लावला आणि पंधराव्या मिनिटाला फाटकापाशी लाल टोपी एक पाऊल पुढे आली, एक मागे गेली आणि थांबली.

वहीत मी लिहिलं: ‘क्रमांक ३२. दुसरं सॉकेट रिकामं असताना लाल पोस्टमन हलतो.’

कवळीवाल्यांनी दोन दिवसांत दुरुस्त चिप पाठवली. सोबत चिठ्ठी: दुसरा कंट्रोलर जोडलेला नसेल तर खेळ आता त्या सॉकेटकडे बघतसुद्धा नाही. प्रोग्रॅममधला त्यांनी लिहिलेला तो भाग मी स्वतः वाचून पाहिला. बरोबर होता.

चिप बसवली. लाल टोपी फाटकातून आत आली आणि पहिल्या पायरीला अडखळली.

आता एक सांगायला हवं. बटण दाबण्याची प्रत्येकाची रीत वेगळी असते. वहिनीचं दाबणं तुटक, दादाचं लांबट. माझं कसं आहे ते मला पाठ आहे. इतकी वर्षं हे रकाने वाचल्यावर, नोंद पाहून मी ती कुणाच्या बोटांची ते सांगू शकते. यंत्राचा बिघाड असेल तर ठिपके एकसारखे येतात नाहीतर साफ विस्कटलेले. हे तसे नव्हते. हे कुणाचं तरी दाबणं होतं. ज्याने कधी कंट्रोलर धरलेला नाही अशा कुणाचं तरी.

बाराव्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावरच्या भिंती तपासत होते. तीनदा आपटायचं, थांबायचं, पुन्हा तीनदा. चौथ्या भिंतीपाशी माझ्या लक्षात आलं, की लाल टोपीवाला माझ्या मागच्या भिंतीपाशी उभा आहे. तो आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. थांबला.

मग पुन्हा तीनदा.

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला. खिडकीतून ऊन येत होतं. खाली किल्लीवाल्याचं यंत्र किरकिरत होतं. पडद्यावर लाल टोपी माझ्याकडे तोंड करून उभी होती. म्हणजे निळ्या टोपीकडे.

मी घाबरले का, असं वहिनीने नंतर विचारलं. खरं सांगायचं तर तेव्हा मनात आलं ते एवढंच, की तिसरं आपटणं त्याने घाईत केलं. म्हणून मी ते त्याला पुन्हा करून दाखवलं.

तिथून पुढचा आठवडा मी त्याला शिकवण्यात घालवला. दुसरा शब्द मला सुचत नाही. बादलीवरून उडी मारायला तो येईना. थेंब पडायच्या आधी उडायचा आणि नेमका बादलीत जायचा. मी शेजारी उभी राहून उडी दाखवायची, त्याने पडायचं, जिन्याखालून पुन्हा यायचं. तेरा वेळा पडला. चौदाव्या वेळी थेंबाला आधी पडू दिलं आणि पार झाला.

“शाब्बास!” मी म्हणाले. मोठ्याने.

वहिनी दारात उभी होती. हातात डाग द्यायची गरम सळई, तिची वायर मागे लोंबत होती. “कुणाला म्हणालात ताई?”

मी पडद्याकडे बोट दाखवलं.

ती बराच वेळ पाहत राहिली. लाल टोपी दुसऱ्या बादलीवरून गेली, तिसऱ्याही. वहिनी आत आली. तिने नोंदपेटी उघडली आणि दुसऱ्या सॉकेटला जाणाऱ्या सगळ्या तारा एकेक करून कापल्या. कापलेली टोकं एकमेकांपासून लांब वाकवली. मग पेटी तशीच उघडी ठेवून संगणकाकडे पाहिलं.

उजव्या रकान्यात ठिपके येत राहिले. बादली, थेंब, उडी.

“हे काम परत करू या,” ती म्हणाली.

“मी आजवर एकही काम अर्धवट परत केलेलं नाही.”

“ताई, हट्ट करायची ही वेळ नाही.”

“हट्ट नाही. एकतीस खोटी मी काढल्या. बत्तिसावीचं कारण सापडत नाही, म्हणून त्या माणसाची अकरा वर्षं डबीत घालून परत देऊ?”

ती बाहेर गेली. दुपारभर तिने डाग दिले, पण रेडिओ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कवळीवाल्यांना बोलावून घेतलं. त्यांच्यापासून लपवायचं तरी कशासाठी? ते येऊन माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसले. मी खेळू लागले. पंधरा मिनिटांनी लाल टोपी फाटकातून आत आली, आणि आम्ही दोघांनी मिळून पहिला मजला पुरा केला. दोन दारं माझी, दोन त्याची.

मला वाटलं होतं ते उठून जातील. ते पुढे वाकले. “त्याची पिशवी हलते,” ते म्हणाले. “चालताना पिशवी हलते ती मी काढली होती. आठ चित्रं आहेत. पण स्वतः खेळताना तिकडे लक्ष कुठे जातं? मी ती कधी पाहिलीच नव्हती.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “किती छान चालतो हो!”

“कोण आहे तो?” वहिनीने दारातून विचारलं. “तुम्हीच घातला असेल ना आत काहीतरी? खरं सांगा.”

“त्या चिपमध्ये मला ‘धन्यवाद’ लिहायला जागा उरली नव्हती, वहिनी. नुसतं ‘आभार’ लिहिलंय. यात आणखी काय घालणार मी?”

मग त्यांनी जरा संकोचत विचारलं, दुसरा कंट्रोलर जोडून पाहायचा का. वहिनीने नाइलाजाने तारा पुन्हा जोडल्या. कंट्रोलर जोडून आम्ही तो टेबलावर ठेवला, कुणीही हात लावला नाही. लाल टोपी जागच्या जागी थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. रकाना कोरा. कंट्रोलर काढला, आणि ती चालू लागली.

त्या आठवड्यात आम्ही सगळं करून पाहिलं. वहिनी खेळली, लाल टोपी हलली नाही. कवळीवाल्यांनी घरी नेऊन चार दिवस खेळून पाहिलं, हलली नाही. माझ्या हातात पहिला कंट्रोलर आला की मात्र पंधराव्या मिनिटाला ती आत.

“म्हणजे दोष गेममध्ये नाही,” वहिनी म्हणाली. “दोष तुमच्यात आहे.” ती हसत होती, पण जेमतेम.

प्रदर्शनाला सहा दिवस उरले असताना तो सातव्या मजल्यावर अडून बसला.

अडून म्हणजे, पुढे येईना. सातव्या मजल्याच्या शेवटच्या दारापाशी उभा राहायचा, उडी मारायचा, हवेतच डावीकडे वळून पत्र टाकायचा. पत्र पडायचं, काही व्हायचं नाही. पुन्हा तेच. मी आठव्या मजल्यावर जाऊन वाट पाहिली. खाली येऊन त्याला धक्का दिला. मी रागावलेसुद्धा, “अरे, चल ना आता.” तो उडी मारून, वळून, पत्र टाकायचा. मग थांबून माझ्याकडे तोंड करायचा.

त्या दारावरून मी निदान चारशे वेळा गेले असेन. तिथे काही नाही हे मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी मी निळ्या टोपीला हलवणं बंद केलं आणि नुसती पाहत बसले. तो लिफ्टसाठी थांबत होता. लिफ्ट खाली येऊन त्या मजल्याला टेकायची, त्याच क्षणी त्याला पत्र टाकायचं होतं, आणि दर वेळी त्याचं बोट किंचित चुकत होतं. त्याला जमत नव्हतं. म्हणून तो मला दाखवत होता.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. लिफ्ट आली. उडी, डावीकडे, पत्र.

पडदा आडव्या पट्ट्यांनी भरला आणि खेळ मेला. कन्सोल बंद करून चालू केला, तर साठवलेला सगळा डाव पुसला गेलेला.

ही खोट एकशेवीस घरांत जाणार होती. कुणाच्या तरी हातून आज ना उद्या घडलीच असती, आणि त्यांच्या डब्यावर माझी सही असती. मला लाज वाटायला हवी होती. पण मी उठून बाहेर गेले तेव्हा माझी छाती फुगलेली होती.

“वहिनी, त्याने खोट काढली. मला सुटलेली.”

वहिनी आत आली. मी तिला वाटेल तेवढ्या वेळा पट्ट्या करून दाखवल्या. तिने वही माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाली, “तुम्हाला नाही जमलं ते त्याला जमलं, असं लिहा वहीत.”

मी लिहिलं. ‘क्रमांक ३३. काढणारा: दुसरा.’

कवळीवाल्यांनी एका दिवसात ते दुरुस्त केलं. शेवटच्या चिपवर मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळी चाळीस दारं तीनदा खेळले. तो माझ्याबरोबर होता. चूक एकही नाही, त्याची किंवा माझी. तिसऱ्या वेळी शेवटचं पत्र त्याने टाकलं. मी त्याला टाकू दिलं.

मग वही पुढे ओढली आणि बत्तिसाव्या ओळीपाशी थांबले. न सापडलेली खोट वहीत असताना मी कधी सही केलेली नव्हती. मी लिहिलं: ‘क्रमांक ३२. खोट नाही.’ आणि शेवटच्या पानावर: ‘सोडायला हरकत नाही.’

वहिनीने दोन दिवसांत एकशेवीस कॅसेट जोडल्या. एकही डाग गरजेपेक्षा मोठा नव्हता. तेवढं तिलाही मिरवायचा हक्क आहे.

प्रदर्शनात कवळीवाल्यांच्या टेबलापुढे रांग लागली. परीक्षकांनी ‘सर्वांत निर्दोष’ म्हणून त्यांच्या गेमचं नाव पुकारलं, तेव्हा ते व्यासपीठावर गेले आणि माइकपाशी उभे राहिले. म्हणाले, “आमच्या बाई आहेत ना, त्या... आणि त्यांचा विद्यार्थी.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. विद्यार्थी कोण असं कुणी विचारलं नाही. मी मागच्या रांगेत ताठ बसले होते. वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ‘चाळीस दारं’ लावला. काम म्हणून नव्हे, सहज. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. लाल टोपी फाटकापाशी उभी होती. उजवा रकाना कोरा. आठवडाभर मी रोज लावला. मग कॅसेट फडताळात ठेवली. वहिनीने चहा आणून माझ्यापुढे ठेवला.

महिन्याभराने कवळीवाले आले. कॅसेट घेतलेल्या लोकांचे निरोप त्यांना येत होते. ते त्यांनी छापून आणले होते, सगळे मिळून अकरा. वाचताना त्यांचा आवाज गर्वाने जड झाला होता, आणि मधेच तो बारीक व्हायचा.

एकाने लिहिलं होतं, एकट्याने खेळताना लाल पोस्टमन आपोआप साथीला येतो ही कल्पना फार आवडली. दुसऱ्या एका बाईने विचारलं होतं, त्याला इतकं हुशार कसं केलंत? आमचे आजोबा बादलीवरून उडी मारायला त्याच्याकडूनच शिकले. सगळ्यांची तक्रार मात्र एकच होती. तो दोन-तीन दिवस येतो आणि मग येत नाही. त्याला परत कसं बोलवायचं?

वहिनीने ते अकरा कागद टेबलावर तारखेप्रमाणे लावले. आधी एक घर, मग दुसरं. कुठेही दोन घरांच्या तारखा एकमेकींवर चढत नव्हत्या.

“एकेक घर घेतोय,” ती हळूच म्हणाली.

“एकशेवीस घरं आहेत,” कवळीवाले म्हणाले.

“करेल पुरी,” मी म्हणाले. “नीट शिकलाय.” आणि मला खरोखरच तसं वाटलं. आपल्या हाताखालचं कुणीतरी जगात गेलं आणि लोक त्याचं नाव काढतात, असं वाटलं.

गेल्या सोमवारी दोनशे चौदावा गेम आला. एका माळ्याने केलेला. साधा, एकट्याने खेळायचा. दुसरा खेळाडू त्यात नाहीच. सकाळचे दहा वाजले होते. मी चिप बसवली, कन्सोल चालू केला, आणि कंट्रोलर हातात घेण्याआधी सवयीने संगणकाकडे पाहिलं.

उजवा रकाना काळा झाला होता.

ठिपक्यावर ठिपका, जागा उरली नव्हती. मी खुर्ची पुढे ओढून वाचू लागले. एक दाबणं तुटक होतं, पण वहिनीचं नव्हे. एक लांबट, पण दादाचं नव्हे. एक नुसतंच दाबून धरलेलं, सोडायचं कसं हे माहीत नसल्यासारखं. एक अगदी हलकं. मी बोटांवर मोजू लागले. सतरापर्यंत वेगवेगळे हात मला ओळखू आले. त्यापुढचे एकमेकांत मिसळून गेले होते. सगळे नवखे. सगळे एकाच वेळी, रेटारेटी करत.

बाहेर वहिनीने रेडिओ लावला होता. मी तिला हाक मारली नाही.

पाठ सरळ केली. पदर नीट केला. हात पुढे करून कंट्रोलर उचलला.

बाई वर्गात आल्यावर पोरं थांबतात तसे, रकान्यातले सगळे ठिपके एका क्षणात थांबले.